तीन सूत

बाबांच्या मापांच्या वहीत, पान अडतीस,
कुणा चुनीलालचा बुशकोट, छाती छत्तीस,
आणि पोस्टमास्तरांची खाकी पँट, यांच्या मधे
एक गिऱ्हाईक आहे, ज्याचे पैसे कधी आले नाहीत :
सूर्य. २२-९-६८. सर्वपित्री.
रुंदी सव्वा इंच. कातरलेला पाच सूत.

पारोळ्यात त्या दुपारी कातर चालवायची नव्हती.
आई सहा महिन्यांची, तिला सुईलासुद्धा हात लावू दिला नाही.
दुकानाला फळ्या लावलेल्या,
आणि एका फळीतला खिळा पडलेला, त्या भोकातून
सूर्य आत आला
आणि समोरच्या भिंतीवर उभा राहिला, ट्रायलला राहावं तसा.
बाबांनी टेप काढला. दुसरं काय येत होतं त्यांना?
बाहेर कुणी ओरडत गेलं, दे दान, सुटे गिरान.

मी डिसेंबरात जन्मले. ओठ सलग, कान दोन.

पुढे एका मास्तरांनी शर्ट शिवता शिवता सांगितलं :
अठरा वर्षं, अकरा दिवस, आठ तास,
मग तेच ग्रहण पुन्हा निघतं.
पण त्या आठ तासांत पृथ्वी तिसरा हिस्सा फिरते,
आणि ते भलत्याच कुणाच्या दारात जातं.
शहाऐंशीला सातासमुद्रापार. दोन हजार चारला जपानकडे.
बाबांनी दोन्ही तारखा लिहिल्या, माप कोरं ठेवलं.
"आपलंच गिऱ्हाईक शे, परत यी."
चोपन्न वर्षं म्हणजे किती, हे त्यांनी मोजलं नसावं.
ते सतराला गेले.

२५-१०-२२. काल लक्ष्मीपूजन, पाडवा उद्यावर गेलेला,
अकरा ब्लाउज बाकी, बायका दारात.
पावणेपाचला मी शटर ओढलं.
शटरला भोक कुठलं?
खिळा घेतला, हातोडी घेतली. कोकिळा म्हणाली, नवं आहे हो ताई.

भिंत तीच. रंग चारदा बदललेला.
टेप धरला तर माझ्याच बोटांची सावली आड येत होती.
पुन्हा धरला.
तीन सूत.
"हाऊ ते बारीक व्हई ग्या," कोकिळा.

हो. दर फेरीला ते जरा उत्तरेला सरकतं, विरत जातं
जुन्या धोतरासारखं,
एके दिवशी सूर्याच्या काठालाही न लागता निघून जाईल.

सूर्य तसाच, कातरलेला, किल्ल्यामागे गेला.
शिवून घ्यायला थांबला नाही.

मी खाली लिहिलं : २६-११-२०७६.
पुढे दोन बोटं जागा सोडली.
मग बाह्या लावायला घेतल्या.