नमुन्याची सुरी

धंतोलीत, लाँड्रीच्या वरच्या खोलीत बसून
मी सुऱ्यांच्या जाहिराती लिहितो.
शब्दाला दीड रुपया. पैसे तीन महिन्यांनी.
आजवर मी आंबा सोडून काही कापलेलं नाही,
तोही बायको म्हणते, कोयीपाशी अर्धा राहतो.

तरी लिहिलं,
"शत्रू मागून येईल तेव्हा
तुमच्या हातात काय असेल?"
माझ्या हातात तेव्हा पोह्यांची प्लेट होती,
तर्री शर्टावर सांडू नये
एवढीच रणनीती.

लिहिलं, "विमानाच्या पोलादाचं पातं."
लिहिलं, "वाळवंटात, दलदलीत, बर्फात."
मे महिना. सत्तेचाळीस अंश.
कूलरमध्ये पाणी टाकून आलो
आणि "बर्फात" तेवढं ठळक केलं.

किंमत अठरा हजार चारशे नव्व्याण्णव.
शेवटचा रुपया सोडून देण्याची दया
मालकाची, माझी नव्हे.

मग एके दिवशी नमुना आला.
डबा असा सीलबंद की उघडेना.
दातांनी ओढला, किल्लीनं खरवडला,
शेवटी खालून हरिदास बावनकुळ्यांची
शिवण उसवायची पत्ती मागून आणली,
तेव्हा कुठं जगातली सर्वांत धारदार सुरी
बाहेर आली.

काळी. पाठीवर करवतीचे दात.
मुठीच्या टोकाला होकायंत्र,
त्याची उत्तर दिशा दिवसभर वर्धा रोडकडे.
मुठीच्या पोटात गळ, काडेपेटी,
आणि जखम शिवायला सुई-दोरा.
म्हणजे कंपनीला
कुठंतरी आत ठाऊक आहे.

मीच लिहिलं होतं, "अंधारात शत्रूला दिसणार नाही."
रात्री लाईट गेली.
मलाही दिसली नाही.
पायाला सापडली.
मेडिकलमध्ये दोन टाके पडले.
डॉक्टरनं विचारलं, कशानं लागलं?
लाजून म्हटलं, विळी.

लंगडतच गेलो गोळीबार चौकात,
सुलोचनाबाई परात्यांच्या सावजी भोजनालयात.
बाईंच्या पुढ्यात पंधरा किलो कांदे.
म्हटलं, ही वापरून बघा जरा.
त्यांनी ती उलटीसुलटी केली,
कांद्यावर टेकवली. कांदा घरंगळला.
दुसऱ्यावर दाबली. तो चेपला,
डोळ्यांत पाणी आणलं,
कापला काही गेला नाही.
"काहून जी," बाई म्हणाल्या,
"हे कापाची हाय का भेव दाखवाची?"

आणि आपली घेतली.
ट्रकच्या जुन्या पाट्याची, इतवारीत ठोकून घेतलेली,
मुठीला सायकलची ट्यूब,
पातं झिजून झिजून बोंबलासारखं.
खट खट खट खट.
बाईंचं लक्ष सुरीकडे नव्हतंच,
त्या पोराला ओरडत होत्या
रश्श्यात तेल कमी पडलं म्हणून,
आणि कांदा खाली पडत होता,
एकसारखा, पातळ, न मागता.

संध्याकाळी मालकाचा फोन.
नागपूरसाठी लोकल काहीतरी करा,
संत्रं कापताना फोटो पाहिजे.
म्हटलं, साहेब, संत्र्याला सुरी लागत नाही,
अंगठ्याचं नख लागतं.
आणि मे महिन्यात संत्रं कुठून आणू?
मग मोसंबीला शेंदरी रंग फासला.
दोन्ही हातांनी दाबली तेव्हा फाटली एकदाची,
रस मनगटावरून कोपरापर्यंत.
मालकाला आवडलं. म्हणाला,
रक्तासारखं दिसतंय.

मजकुराच्या तळाशी, बारीक अक्षरात,
मी एक ओळ घातली होती, "कांदा कापत नाही."
ती त्यांनी कापली.
एका फटक्यात.

नमुना परत मागितला नाही कुणी.
कूलर आणि खिडकीच्या मधल्या फटीत
पाचर म्हणून ठोकलाय.
खडखड थांबली.
तेवढं मात्र
चोख करते.