पाचवा हिस्सा

ठवकर बाईंनी लोखंडाचा कीस मागितला
आणि मी तो भात्याजवळून उचलून
चड्डीच्या खिशातून शाळेत नेला.
खिसा अजून तांबडा आहे, आई म्हणते.

परीक्षानळी आतून ओली केली,
कीस तिच्या पोटाला चिकटला,
मग ती पालथी उभी केली परातीतल्या पाण्यात.
परात खिचडीची. तेलाचे दोन डोळे तरंगत होते.

"आता काही करायचं नाही," बाई म्हणाल्या, "बघायचं."

सोमवार गेला. मंगळवारी मास्तरांची बैठक होती.
बुधवारी कीस विटकरी झाला
आणि पाणी नळीत चढलं,
कोणी न बोलावता.

शनिवारी थांबलं.
दोऱ्यानं मोजलं: पाचातला एक वाटा पाण्याचा.
"तेवढी हवा गेली कुठं?" बाईंनी विचारलं.
शेवटच्या बाकावरून रेवाराम म्हणाला, "भुरकन."

मग बाई सांगत बसल्या.
दूर कुठं एकानं काचेखाली उंदीर ठेवला होता,
एकानं पारा तापवला बारा दिवस, बारा रात्री,
आणि तराजू घेऊन बसला.
तोवर शहाणीसुरती माणसं मानायची
की जळतं त्यातून काहीतरी निघून जातं.
निघून नव्हतं जात. येऊन बसत होतं.

"आपण काय म्हणतो? गंज चढला.
उतरला म्हणतो का कधी?"

खिडकीत जंगलू कुमरे उभा होता,
शाळेची विहीर उपसायला आलेला,
हातात कंदील, दोर खांद्यावर.
आधी कंदील सोडायचा, विझला तर माणूस नाही,
हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.
"बाई, थ्या नळीत काडी सोडा ना."

बाईंनी अंगठ्यानं तोंड दाबून नळी उलटी केली,
पेटती काडी आत धरली.
विझली. धूर वर आला,
दोऱ्यासारखा बारीक.

"हेच होय थे," जंगलू म्हणाला.
"माह्या भावाले. त्या दिशी कंदिलात तेल नोतं."

बाई म्हणाल्या, विहिरीत बहुतेक दुसरी हवा असते,
जड, तळाशी साचणारी, तिचाही शोध...
मग त्या थांबल्या.
जंगलूनं कंदील हलवून पाहिला.
तेल खळखळलं. तो गेला.

परात मीच घासली, राखेनं, दोनदा.
सोमवारची खिचडी तरी लोखंडासारखी लागली
आणि आम्ही सगळ्यांनी ती खाल्ली.