कच्चा दोरा

सांगलीच्या तुरुंगाच्या दारात
जमादार कुंभोजकरांनी भोपळ्यावर टिचकी मारली.
आत काय?
काही नाही, मी म्हटलं.
एवढा मोठा भोपळा, आणि काही नाही?
काही नाही म्हणूनच वाजतो, बाई म्हणाल्या,
आणि हे वहीत लिहावं की नाही
ह्या विचारात त्यांचं पेन जरा वेळ हवेत राहिलं.

मग लिहिलं: तंबोरा एक. तारा चार. बाया दोन.
तबलजी एक, हातोडी दारात जमा.

तारांना परवानगी होती, सहीशिक्क्यासकट.
दोऱ्यांना नव्हती.
घोडीवर तारांखाली सरकवलेले
बोटभर लांबीचे चार सुती दोरे
त्यांनी चिमटीनं एकेक ओढून काढले,
पाकिटात घातले, वर माझं नाव.
"दोरा आत जात न्हाई, ताई.
हितं लेंग्याची नाडीबी मोजून देतो आम्ही."

पत्र्याच्या शेडमध्ये साठ-सत्तर माणसं.
पुढे मिसरूडही न फुटलेली वाटावीत अशी पोरं,
मागे भिंतीला टेकलेले, ज्यांना भिंतीची सवय झालेली.
भिंतीपलीकडून वखारीतल्या हळदीचा वास येत होता.
तो मात्र कुणी झडती न घेता आत सोडला होता.

मी तंबोरा लावला.
सूर बरोबर होते, तंबोरा बोलत नव्हता.
टण, एवढं म्हणून प्रत्येक तार गप्प,
साक्षीदारासारखी.
बाईंनी डोळे मिटून षड्ज लावला.
मागे कुणीतरी लांबलचक जांभई दिली.

तिसऱ्या रांगेत एकजण उठला. काठी हलली.
"जवारी गेलीया," तो म्हणाला. "बसवू का?"

दस्तगीर. मिरजेचा.
नवव्या वर्षापासून बापाच्या हाताखाली
भोपळे घासलेला.
इथं कशासाठी, मी विचारलं नाही.
तोच म्हणाला, कच्चा कैदी हाय.
अडीच वर्सं झाली, कच्चाच.

सदऱ्याच्या काठाची टीप त्यानं नखानं उसवली,
दोरा ओढला, दातांनी चार तुकडे केले.
जमादार तेवढा वेळ पत्र्यातलं भोक बघत होते.
"ह्याला आमच्यात जीव म्हणत्यात," दस्तगीर म्हणाला,
आणि घोडीपाशी कान नेला,
निजलेल्या पोराचा श्वास बघतात तसा.
पुढं. अजून. आता मागं, केसभर.

आणि खर्ज उघडला.
त्यातून वर आला गंधार,
ज्याची तार तंबोऱ्याला नसते,
जो कुणी छेडलेला नव्हता,
ज्याची वहीत नोंद नव्हती.
बाईंनी तो तिथूनच उचलला.
गौड सारंग. दुपारचे अडीच.

सगळे ऐकत होते असं नाही.
एकजण नखं कुरतडत होता.
एकानं दोनदा विचारलं, च्या मिळणार का.
पण चौथ्या-पाचव्या आवर्तनापासून
समेवर माना हलायला लागल्या,
आधी दोन, मग रांगच.
येणार म्हणून सांगितलेली गोष्ट
ठरल्या जागी येते,
पुन्हा येते,
ह्याची त्यांना सवय राहिली नव्हती.
कोर्टाची तारीख तशी येत नाही.
कवठ्याचा एक म्हातारा बोटांवर मात्रा मोजत होता
आणि सोळा झाल्या की माझ्याकडे बघून हसायचा,
हिशेब जुळल्यासारखा.

बाहेर पडताना पुन्हा वही.
तंबोरा एक. तारा चार, बोटानं मोजून.
पाकीट परत, सही केली.
तारांखाली काय आहे
ते जमादारांनी पाहिलं, मी पाहिलं,
वहीत तेवढा रकाना नव्हता.

पुढच्या महिन्यात गेले तेव्हा
दस्तगीर नव्हता.
जामीन की कळंबा, कुणी सांगेना.
कुंभोजकरांची बदली झाली होती,
नव्या जमादारांनी भोपळ्यावर टिचकी मारली.

दोरा आता झिजलाय.
खरं तर बदलायला हवा,
पाकिटातले चार तसेच कोरे आहेत.
सदऱ्याचा दोरा, जाड, मूळचा निळा असावा.
रोज सकाळी लावायला बसते,
केसभर मागे घेते.
अजून बोलतो.