दोन बोटं माया

कन्नमवार नगर, आमच्या इमारतीच्या जिन्याखाली
कुंदाताई परबांचं मशीन.
मापांची वही तीच, पाठीला चिकटपट्टी मारलेली.
माझं पान अठ्ठ्याण्णव सालचं.
खाडाखोड एवढी झाली की शेजारचंही पान
त्यांनी मलाच देऊन टाकलं.

छाती तीस, कंबर चोवीस,
पाठीचा गळा खोल, हूक मागे, लटकन दोन.
तेव्हा मी आरशासमोर श्वास रोखून उभी राहायचे,
आणि चोवीस असूनही
स्वतःला जाडच दिसायचे.
आज ती मुलगी भेटली
तर काही समजावणार नाही तिला,
आधी जेवायला वाढीन.

त्याखाली छत्तीस. हूक पुढे. घाई.
मैथिली दीड महिन्याची.
अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शतावरी,
तरी अंगावरचं पुरत नाही म्हणून
मोरीत नळ मोठा सोडून रडले, ते वहीत नाही.
कुंदाताईंनी एवढंच विचारलं होतं,
"आत दोन बोटं माया ठेवते हं.
बाईचं अंग एका मापावर राहत नाही."
मला ते तेव्हा टोमण्यासारखं लागलं.

मग एक माप, ज्याच्यावर फुली आहे.
हिरवं खणाचं कापड, पाचवा महिना.
ब्लाउज शिवलाच गेला नाही.
कापड त्यांनी घडी करून परत दिलं,
वर एक शब्द नाही,
फक्त पिशवी स्वतःची दिली, कापडी.

अडतीस. चाळीस. पुन्हा चाळीस.
दरवेळी त्या उसवायच्या, माया सोडायच्या,
जुन्या शिवणीची फिकी रेघ
काखेखाली दिसत राहायची.
दंड झाकायला बाही कोपरापर्यंत आणली मी,
थायरॉइडची गोळी उशाशी, गुडघे कुरकुरणारे.
लग्नाकार्यात कुणी ना कुणी म्हणायचंच,
"किती सुटलीस गं!"
जणू मी कुठून तरी पळून आले होते.

आणि मग कोरी जागा. चौदा महिने.
परळच्या हॉस्पिटलातला तो लांब बाक,
डबा घेऊन येणारी मैथिली,
माझे केस, टॉवेलवर.
नंतर नुसते सैल कुर्ते, छातीवर ओढणी
दोन पदरी.
"जीव वाचला ना, मग ते काय घेऊन बसायचं,"
असं म्हणणाऱ्या सगळ्यांना
मी चहा केला.

आज साडी नवी नाही, कार्यही नाही.
ब्लाउज हवाय, एवढंच.
"हात वर कर गं."
जेवढा जातो तेवढा केला.
"बरं, मुंढा सैल घेऊ."
वाटलं, टेप डावीकडे येऊन थांबेल.
थांबली नाही.
सपाटीवरून सरळ गेली,
जशी पाठीवरून जाते.

वहीत त्यांनी पहिल्यांदाच दोन आकडे लिहिले,
उजवी, डावी.
"डावीकडे कटोरी काढू, आत कापूस भरून?
की सरळच तुकडा लावू?"
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
फॉर्मवर सह्या किती घेतल्या,
पण हे नाही.

पेन्सिल कानामागे लावून त्या थांबल्या.
वर कुणाचा तरी कुकर शिट्टीला आलेला.
आणि नेमकी तेव्हाच ती वाफ आली,
छातीतून मानेवर, कानांपर्यंत,
घामानं कुर्ता पाठीला चिकटला.
त्यांनी न बघताच टेबलफॅन माझ्याकडे वळवला,
म्हणाल्या, "मला अजून येते. एकाहत्तर चालू आहे."
मी हसले. त्याही.
दातांत धरलेली टाचणी पडली,
मग दोघी खाली बसून शोधत राहिलो.

"सरळ," मी फरशीकडे बघत म्हणाले.
"सरळच लावा."

"बरं."
त्यांनी खाली काहीतरी लिहिलं,
मी वाकून वाचलं. माया, दोन्हीकडे.

"बुधवारी ये.
मंगळवारी दिवसभर लाइट नाही म्हणतात."