हातचा

सोमवारी दुसरी ‘ब’ला नुसती बेरीज नव्हती,
फळ्यावर डावीकडे आठ अधिक चार,
उजवीकडे सात अधिक पाच,
मध्ये खडूचा रिकामा गोल.
मोठं कोण, लहान कोण, की दोघं सारखीच,
गोलात चिन्ह भरा, म्हटलं,
आणि टाचणीने खिडकीचा फाटका पडदा टोचत उभी राहिले.

चिन्ह मागच्या आठवड्यातच शिकवलेलं.
भुकेलं तोंड आहे हे, मोठ्याकडे आ वासतं.
सुमेध तेव्हाच म्हणाला होता,
बाई, ज्याच्याकडे कमी, भूक त्याला ना?
त्याच्या वहीत अजून सगळी तोंडं उलटी आहेत.
मी लाल पेनाने वळवते,
तो खोडरबराने परत.

जुईली पहिल्या बाकावर, ट्रॉम्बे कोळीवाड्याची.
सोड्याच्या बाटल्यांची बुचं मांडली तिने,
आठाचा ढीग, चाराचा ढीग.
मग आठातलं एक बूच बोटाने सरकवलं
चाराकडे,
आणि गोलात दोन आडव्या रेघा ओढून मोकळी झाली.
बेरजेचे दोन्ही चौकोन कोरे.
अगं, बारा कुठे लिहिलेस?
ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच दुसरीत आहे.
मावशी मांदेलीचे वाटे लावते ना, बाई,
गिऱ्हाईक म्हणतं हा लहान, तो मोठा,
ती यातली एक उचलते, त्यात टाकते.
मासळी तेवढीच ना?
मोजाचा कनाला?

वीस वर्षं शिकवतेय.
कनाला, हे कुणी विचारलं नव्हतं.

वरून आलेल्या कागदावर लिहिलंय,
पायऱ्या दाखवल्यास दोन गुण,
फक्त चिन्ह असल्यास अर्धा.
पायऱ्या तिने दाखवल्यात, पण बाकावर,
आणि बाक काही कुणी तपासायला नेत नाही.
तांडेल सर डब्यातली भेंडी सारत म्हणाले,
द्या हो अर्धा, कोण बघतंय?
मी पेन टेकवून बसले. शाईचा ठिपका मोठा होत गेला.
मग दोन दिले.
तिची बेरीज एकोणीस झाली,
वीसकडे मान वळवून
माझ्यात एक उणा आहे, असं नावातच सांगणारा आकडा.
शनिवारी तिची आई येईल
आणि पहिल्यांदा विचारेल, बाकीच्यांना किती?

नावेदचं वेगळंच.
सत्तावीस अधिक पाच त्याला येत नव्हतं,
तर मी म्हटलं, सात नि पाच बारा, दोन लिही,
एक हातचा.
त्याने मूठ आवळली.
सुट्टीत खिचडी खाल्ली ती डाव्या हाताने,
नळाखाली हात धुतला तोही एकच.
नावेद मुकादम, मूठ सोड.
हातचा आहे, बाई.
अरे, तो खरा नसतो, लक्षात ठेवायचा असतो.
पण मीच तर म्हटलं होतं हातचा.
मोठी माणसं हातचं राखून वागतात,
हा नुसता राखत होता.
घंटा झाली, पोरं पांगली,
फळ्यावरचं गणित अर्धं राहिलं.
शिपाईमामांना सांगितलं, आज पुसू नका.

मंगळवारी प्रार्थनेला सगळ्यांचे हात जोडलेले,
एकाचा मुठीवर तळवा.
वर्गात आल्यावर विचारलं,
रात्री कुठे ठेवला होतास रे?
उशीखाली. आपाने मागितला, दिला नाही.
बघू, म्हटलं.
तसा नाही दाखवणार, म्हणाला, सांडेल.
दशकाच्या घरात ठेवतो.

फळा त्याच्या उंचीला नाही.
टाचा उचलून, एका हाताने फळ्याची कड धरून,
दोनच्या डोक्यावर त्याने मूठ नेली
आणि हळू उघडली.
सुमेध बाकावर उभा राहून बघत होता.
जुईली म्हणाली, आता तीन.
मी खडू पुढे केला,
पण त्याचा हात अजून तिथेच होता,
उघडा, फळ्याला चिकटलेला,
नीट बसलाय की नाही ते चाचपत.