धरत नाहीत

नव्या मालिकेच्या दुसऱ्याच भागात
'शततारका' यानाचा कमांडर मेला.
मी म्हटलं, छे, असं कसं,
तो तर चोविसाव्या पुस्तकात म्हातारा होऊन
मंगळाच्या पलीकडच्या धक्क्यावर जाळी विणत बसतो.
भाचा फोनवरून मान न उचलता म्हणाला,
"मावशी, ती जुनी पुस्तकं आता धरत नाहीत."

धरत नाहीत.
म्हणजे जसा कुर्ल्याच्या नेहरूनगरात
गॅलरीत गेलेला चेंडू धरायचा नाही,
किंवा अल्ताफची धाकटी बहीण,
सगळ्यांबरोबर धावायची, खेळायची,
पण ती लिंबूटिंबू.

टीव्हीवर तेरा रविवार चालली होती मालिका.
मग बंद. यान मधल्यामध्ये, काळोखात.
पुढचं सगळं वाह्याळकरांच्या लायब्ररीत:
गॅरेजमधली दोन कपाटं, वीस रुपये डिपॉझिट,
उशीर झाला तर दिवसाला दहा पैसे.
एकतीस पुस्तकं. भूगोलाच्या वहीत बरोब्बर मावायची.
मुखपृष्ठ काढणाऱ्याने मालिका पाहिलीच नसावी,
त्याचं यान थेट आरेच्या दूधकेंद्रासारखं,
निळे-पांढरे पट्टे, पुढे खिडकी.

कागद असा की मागच्या पानावरची लढाई
पुढच्या पानावरच्या प्रेमातून दिसे.
आणि नवव्या पुस्तकात, अठ्ठेचाळीस नि एकोणपन्नासच्या मध्ये,
श्रीकुलस्वामिनीकृपेकरून
चि. अरविंद आणि चि. सौ. कां. निर्मला, गोरज मुहूर्त,
छापखान्यात चुकून शिवली गेलेली लग्नपत्रिका.
आम्ही आठवडाभर तिच्यातला सांकेतिक संदेश शोधत होतो.
अल्ताफने शोधलाही: गोरज म्हणजे हल्ल्याची वेळ.

टीव्हीवरचा कमांडर
पुस्तकात दुसऱ्याच पानावर तांडेल व्हायचा.
प्राणवायूसाठी रॉकेलसारखी रांग, रांगेत दगड ठेवून नंबर.
गुरूच्या चंद्रावरही अष्टमीला भांग, पुनवेला उधाण.
आम्हाला वाटे, विश्वच तसं आहे.

लेखकाचं नाव 'आकाशमित्र'.
खूप वर्षांनी कळलं, ते हिराजी चिखले,
गोदीत टॅली क्लार्क, राहायला वेसाव्याला.
पुस्तकामागे ठरलेले पैसे, बस्स.
गेले मी एकदा. ओट्यावर बसले होते,
डोळ्यांत मोतीबिंदू, पायाशी मांजर.
मी सतरावं पुस्तक पुढे केलं.
शेवटचं पान पहिल्यापासूनच फाटलेलं,
तांडेल दार उघडतो आणि

त्यांनी पुस्तक नाकाशी नेलं, वास घेतला.
"मना नाय आठवत, बाय.
तू काय केलंस तवा?"

मी सांगितलं. अकरा वर्षांची असताना
दाराबाहेर कोणाला उभं केलं होतं ते.
अल्ताफचा शेवट वेगळा होता, तोही सांगितला.
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "दोन्ही चालतील,"
आणि मांजराला हाकललं.

आता लायब्ररीच्या जागी मोठ्या इमारतीची पार्किंग आहे.
अल्ताफ दम्माममध्ये एसी दुरुस्त करतो.
भाच्याने समजावलं, नीट, न चिडता,
की नवी कथा सलग हवी,
एकतीस पुस्तकांतले घोळ कोण निस्तरणार,
एकात तांडेलचा उजवा हात तुटतो,
पुढच्यात त्याच हाताने तो सुकाणू धरतो.
खरंय. आम्हालाही दिसलं होतं ते.
आम्ही म्हटलं, नवा फुटला असेल.

मी त्याला सांगितलं नाही
की लिंबूटिंबूवर राज्य येत नाही कधी.
अंधार पडून आया हाका मारायला लागल्या,
बाकीचे सगळे आउट होऊन पायरीवर बसले,
तरी ती पोरगी बावीस नंबरच्या मागे धावतच असायची,
कोणी धरत नव्हतं म्हणून.

सतरावं पुस्तक अजून माझ्याकडे आहे.
आत जांभळा शिक्का: परत करण्याची तारीख.
दिवसाला दहा पैसे.
एकदा हिशेब करायला बसले होते,
मध्येच वाचत सुटले.