चाचणी

सात वर्षं माझ्या घराचं त्यांनी ठेवलेलं नाव होतं
'समुद्राजवळ दगडी घर, दोघांसाठी'.
पिकू बेटावर दगडाचं नाही असं घर दाखवा मला.
आणि समुद्रापासून लांब जायचं
तर ज्वालामुखीच चढावा लागतो.

शंभरातले अठरा ते कापून घेत,
पाहुण्याचा फोन नंबर झाकून ठेवत,
आणि डोंगरावर चारही दिवस ढग होता म्हणून
कुणी दोन चांदण्या कमी दिल्या
तर मला यादीच्या चौथ्या पानावर ढकलत.
ढगाचा दंडही मीच भरायचा.

म्हटलं, आता आपली पाटी आपण लावू.

एव्हारिस्तो, बोटींवरचे वायरलेस दुरुस्त करणारा,
रविवारी दुपारी येऊन बसायचा.
मजुरी: चीजचा तुकडा, आणि बायकोला न सांगण्याच्या बोलीवर
एक पेला.
पहिली दुपार नावातच गेली.
'देओलिंदाचं घर' ब्राझीलमधल्या एका दंतवैद्य बाईनं
आधीच घेऊन ठेवलेलं.
दोन शब्दांमध्ये आडवी रेघ टाकली तेव्हा कुठे मिळालं.
"रेघ विसरू नका," तो म्हणाला,
"नाहीतर पाहुणे तिकडे जाऊन दात काढतील."

मग आली ती रिकामी चौकट: घराविषयी लिहा.
पापणी लवावी तशी एक उभी रेघ लुकलुकत राहिली.
मी लिहिलं,
भिंती काळ्या. चादरी पांढऱ्या.
वाय-फाय आहे, वारा नसेल तेव्हा.
पुढे सुचेना.

कॅलेंडर अख्खं हिरवं, थेट ऑक्टोबरपर्यंत.
तीन आठवडे मी त्या हिरव्याकडे बघत बसले.
माझे वडील टेकडीवरच्या खोपटात
दुर्बीण लावून असेच बसत,
व्हेलचा फवारा दिसेतो.
त्यांना निदान त्याचा पगार होता.

"चाचणी घेऊ," एव्हारिस्तो म्हणाला.
"तुमच्याच कार्डावर करा, मग रद्द करा."
नाव: देओलिंदा. माणसं: एक. मंगळवार.
एप्रनच्या खिशात फोन थरथरला,
अभिनंदन, तुमच्याकडे पाहुणा येतोय!
रद्द करायला गेले तर
दोन दिवसांच्या आत पैसे परत नाहीत.
नियम माझाच. ठासून लिहिलेला.
एव्हारिस्तो भिंतीकडे तोंड करून हसत होता.

पैसे भरलेत तर झोपायचंच.
मंगळवारी संध्याकाळी पिशवी घेऊन
अंगण ओलांडून चाळीस पावलं गेले.
किल्ली डावीकडच्या कुंडीखाली, असं मी लिहिलेलं.
ती उजवीकडच्या कुंडीखाली होती.

सात वर्षं त्या गादीवर चादर अंथरली,
पाठ कधी टेकली नव्हती.
न्हाणीतला नळ ठिबकत होता.
दारामागची खुंटी माझ्या नवऱ्याच्या उंचीची,
माझा कोट तिथवर पोचेना, खुर्चीवर टाकला.
आणि दिवा मालवल्यावर
कागारू पक्षी सुरू झाले.
माझ्या घरातून ते लांबून ऐकू येतात.
इथे धुराड्यातून थेट उशाशी,
नाकातून शिव्या देणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे,
एकानं थांबावं, दुसऱ्यानं उचलावं.
खाडीपलीकडे होर्ताचे दिवे.
ते पलंगावरून दिसतात
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
कसं सांगणार? माझा नंबर झाकलेला.

सकाळी पायरीवर बसून सगळं पुसलं, पुन्हा लिहिलं.
किल्ली उजवीकडे.
नळ ठिबकायचा, आता नाही.
रात्री पक्षी भांडतात. झोप लागेलच याची हमी नाही.
एव्हारिस्तोनं कपाळाला हात लावला.
"असं कुणी लिहितं का, बाई?"

पुढच्या गुरुवारी चार चौकोन लाल झाले.
नाव वाचता येईना, व्यंजनंच फार.
शेवटच्या रकान्यात एवढंच विचारलेलं:
ते पक्षी सप्टेंबरात असतात ना?

असतात, मी कळवलं.
खाली माझा फोन नंबर लिहिला,
सगळे आकडे.